भरगच्च दिवस का कोलमडतो? रोजच्या वेळेचं सोपं गणित

सकाळी दहा कामांची यादी करायची आणि रात्री बघावं तर चारच झालेली. नोकरी करणाऱ्याचं हेच, दुकानदाराचं हेच, घर सांभाळणाऱ्या बाईचं हेच आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराचंही हेच. मग जो तो एकच निष्कर्ष काढतो, 'माझ्या अंगातच शिस्त नाही.' पहाटे पाचचा गजर लागतो, नवी डायरी येते, चार दिवस झकास जातात आणि पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

यात शिस्तीचा वाटा असतो, नाही असं नाही. पण मला जो मोठा घोळ दिसतो तो हिशेबाचा. आणि हिशेब दोन जागी चुकतो. एखाद्या कामाला किती वेळ लागेल, हा अंदाज चुकतो. एका दिवसात किती कामं मावतील, हा अंदाज तर त्याहून जास्त चुकतो. या दोन्ही गोष्टींवर मानसशास्त्रात आणि गणितात भरपूर काम झालेलं आहे. ते नीट समजून घेतलं तर गजर न बदलताही दिवस बराच सुधारतो.

पहिल्या चुकीपासून सुरुवात करू. सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागातून नवी पेठेच्या बाजारात जाऊन साडीला मॅचिंग अस्तर आणि फॉल आणायचा आहे. किती वेळ लागेल? डोक्यात लगेच उत्तर तयार होतं: जायला पंधरा मिनिटं, दुकानात दहा, यायला पंधरा. चाळीस मिनिटांत घरी. प्रत्यक्षात गाडीत पेट्रोल भरायचं असतं. सात रस्त्याला सिग्नल लागतो. पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही. पहिल्या दुकानात नेमकी तीच छटा संपलेली असते, 'उद्या येतंय ओ, आज ह्यो घ्या की' म्हणून दुकानदार जवळपासचा रंग दाखवत राहतो. दुसऱ्या दुकानात छटा मिळते, तिथे गर्दी असते. बाहेर पडल्यावर ओळखीच्या मावशी भेटतात आणि त्यांच्याशी दोन शब्द न बोलता पुढे जाणं आपल्याकडे शक्य नाही, जाऊही नये. घरी पोचेपर्यंत दीड तास झालेला असतो.

यातली प्रत्येक अडचण एकेकटी बघितली तर 'आज नेमकं असं झालं' असं वाटतं. पेट्रोल रोज संपत नाही, मावशी रोज भेटत नाहीत. पण काही ना काही रोज होतंच. आपण अंदाज करताना कामाची गोष्ट मनात रंगवतो आणि मनातल्या गोष्टीत सिग्नल नेहमी हिरवा असतो.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं. मराठीत तिला 'नियोजनाचा भ्रम' म्हणता येईल. त्यांचं म्हणणं असं की आपण समोरच्या कामाकडे आतून बघतो, त्याच्या पायऱ्या मोजतो आणि बेरीज करतो. असंच काम मागच्या खेपेला किती वेळात झालं होतं, हा प्रश्न मनात येतच नाही. आला तरी 'तेव्हाची गोष्ट वेगळी होती' म्हणून आपण तो बाजूला सारतो.

रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर किती दिवस लागतील? उत्तर आलं सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ पेक्षा जास्त दिवस लागले. सगळं वाईटच होईल असं धरून केलेला अंदाजसुद्धा तोकडा पडला! स्वतः आधी सांगितलेल्या दिवसांत प्रबंध पूर्ण करणारे जेमतेम ३० टक्के निघाले. मोठमोठ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये ७० लाख डॉलरांत पूर्ण होईल असा अंदाज होता. ते खुलं झालं १९७३ मध्ये आणि खर्च आला १० कोटी २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो करायचा मात्र सगळ्यांना कंटाळा येतो. एक आठवडा, काम सुरू करण्याआधी अंदाज लिहा आणि संपल्यावर खरा वेळ लिहा. मोबाइलच्या नोंदवहीत लिहा, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहा, कुठेही लिहा. 'बाजार: अंदाज ४० मिनिटं, लागला ९०.' 'पोराचा गृहपाठ: अंदाज अर्धा तास, लागला सव्वा तास.' आठवड्याअखेरीस दोन्ही रकान्यांची बेरीज करून खऱ्याला अंदाजाने भागा. आलेली संख्या हा तुमचा स्वतःचा गुणक. वरच्या विद्यार्थ्यांचा तो सुमारे १.६ येतो. कुणाचा दीड असेल, कुणाचा दोन. पुढे कुठलाही अंदाज केला की त्याला या संख्येने गुणायचं. 'या वेळी मी भराभर करेन' असं स्वतःला सांगायचं नाही, नुसतं गुणायचं. गुणून आलेला आकडा मनाला पटत नाही आणि तरीही बहुतेक वेळा तोच खरा ठरतो.

आणखी एक गोष्ट याच संशोधनातून दिसली. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना माणूस इतका आशावादी राहत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामाआधी घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला विचारावं, 'मला हे करायला किती वेळ लागेल असं तुम्हाला वाटतं?' त्यांचं उत्तर सहसा आपल्या उत्तरापेक्षा जास्त असतं. ते ऐकून रागावू नये.

दिवस पूर्ण भरला की काय होतं

आता दुसरी चूक. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण वेळेच्या नियोजनातली सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट इथे आहे.

डेन्मार्कमध्ये ए. के. एरलांग नावाचे गणितज्ञ होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ते काम करायचे. टेलिफोनच्या किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांना फार थांबावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून रांगांचं गणित नावाची शाखाच उभी राहिली. आज दवाखान्यापासून कॉल सेंटरपर्यंत सगळीकडे हे गणित वापरलं जातं.

एक खिडकी आहे आणि आत एक कारकून. एका माणसाच्या कामाला सरासरी दहा मिनिटं लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. माणसं ठरलेल्या वेळेला येत नाहीत, जमेल तशी येतात. आता कारकुनाचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर येणाऱ्याला रांगेत सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. कारकून ८० टक्के वेळ कामात असेल तर ४० मिनिटं. ९० टक्के असेल तर ९० मिनिटं. आणि ९५ टक्के असेल तर १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. ८० वरून ९५ वर जाताना काम वाढलं अगदी थोडं, थांबणं मात्र जवळजवळ पाचपट झालं. शंभर टक्क्यांच्या जवळ जाल तशी रांग लांबतच जाते, तिला अंत राहत नाही.

असं का होतं? कारण रिकामी गेलेली दहा मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत, पण झालेला उशीर मात्र पुढे सरकत राहतो. सकाळी खिडकीवर कुणी नव्हतं म्हणून कारकून दहा मिनिटं बसून राहिला, तर ती दहा मिनिटं दुपारच्या गर्दीत कामाला येत नाहीत. पण एका माणसाचं काम वीस मिनिटं लांबलं, तर त्याच्या मागच्या प्रत्येकाला वीस मिनिटं उशीर होतो. फायदा मागेच राहतो आणि तोटा पुढे जातो. मध्ये मोकळा वेळ असेल तरच तो तोटा कुठेतरी जिरतो.

आपला दिवस हा त्या कारकुनासारखाच आहे. करणारा माणूस एक, कामं जमेल तशी येणारी, आणि प्रत्येक काम किती लांबेल ते सांगता न येणारं. आपण मात्र सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचा दिवस काठोकाठ भरतो आणि त्यालाच चांगलं नियोजन म्हणतो. मग सकाळच्या एका फोनने वीस मिनिटं खाल्ली की रात्रीचं जेवण साडेदहाला होतं आणि व्यायाम, वाचन, आईला करायचा फोन हे सगळं गळून पडतं. घरात हे आकडे काही असे मिनिटाला मिनिट जुळणार नाहीत. पण भार वाढेल तसा उशीर आधी हळू आणि मग एकदम वाढतो, हे घरालाही तितकंच लागू आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की जागेपणीच्या कामाच्या वेळेतला दोन तृतीयांश, फार तर तीन चतुर्थांश भागच आधी भरावा. उरलेला कोरा ठेवावा. तो कोरा भाग म्हणजे आळस नव्हे, तो दिवसाला तग धरायला लागणारा भाग आहे. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी तर निम्माच भरावा.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. मोकळा वेळ ठेवला की काम पसरतं. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मधल्या लेखात हेच मांडलं होतं, की जितका वेळ उपलब्ध असेल तितकं काम फुगत जातं. म्हणूनच मोकळा वेळ प्रत्येक कामाला थोडा थोडा वाटून देऊ नये. कामाला त्याचा गुणून आलेला वेळ द्यावा आणि मोकळे तुकडे वेगळे राखून ठेवावेत, एक दुपारच्या जेवणाआधी, एक संध्याकाळी. सगळा मोकळा वेळ रात्री ठेवला तर उपयोग होत नाही, कारण तोवर उशीर साचून मोठा झालेला असतो.

सोलापूरकरांना हे पटवून द्यायला पाण्याचा दिवस पुरेसा आहे. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून शहरात येतं आणि गेली कित्येक वर्षं आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड असतं. त्यात वेळ मागेपुढे होते. पहाटे येईल म्हणून तीनला उठून बसावं आणि सकाळी आठला यावं. त्या दिवशी मोटार लावणं, टाकी, पिंपं, हंडे, साठलेलं धुणं, अंगण, सगळं एकदम येतं. तरीही पाण्याच्या दिवशी आपण बँकेचं काम, मुलाच्या शाळेतली भेट आणि रात्री पाहुणे, असं सगळं लावून मोकळे होतो आणि मग दिवसभर चिडचिड करतो. पाण्याचा दिवस हा आधीच भरलेला दिवस आहे असं धरा. त्या दिवशी बाहेरचं फार तर एक काम, आणि तेही असं की जे उद्यावर गेलं तरी चालेल. कॅलेंडरवर पाण्याचे अंदाजे दिवस आधीच खुणा करून ठेवले, तर इतर कामं आपोआप त्यांच्या भोवती बसतात.

गड्ड्याच्या आधीचे ब्लाऊज

याच गणितातला आणखी एक नियम घरगुती धंदा करणाऱ्यांच्या फार कामाचा आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. हाती पडलेलं एकूण काम भागिले दिवसाला उरकणारं काम, बरोबर सरासरी किती दिवस लागतील ते. इतका सोपा की त्याला नियम म्हणायलाही संकोच वाटावा. पण तो पाळणारे फार थोडे.

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी शिवणकाम करणाऱ्या अक्का आहेत. अशा एका अक्कांकडचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, आणि त्याला लागून लग्नसराई. भिंतीला लावलेल्या दोरीवर पिशव्या टांगलेल्या. प्रत्येक पिशवीत साडीतून कापलेलं ब्लाऊज पीस, अस्तर, मापाचा जुना ब्लाऊज आणि नाव लिहिलेली चिठ्ठी. अशा ३६ पिशव्या आहेत. अक्का दिवसाला ६ ब्लाऊज शिवून पुरे करतात. येणारी प्रत्येकजण म्हणते, 'अक्का, शुक्रवारी द्या की, अर्जंट आहे.' अक्का मान हलवतात, कारण तो एक ब्लाऊज शिवायला लागणार तास-दीड तास. तेवढा वेळ निघेल असं त्यांना वाटतं.

पण नियम सांगतो, ३६ भागिले ६, म्हणजे आज आलेली पिशवी सहा दिवसांनी हातात पडेल. आज मंगळवार असेल तर पुढच्या सोमवारी. शुक्रवार म्हणजे खोटा वायदा, मनात खोट नसली तरी. आणि दिवसाला ६ शिवून ८ नवे घेत राहिल्या, तर नऊ दिवसांनी दोरीवर ५४ पिशव्या होतात आणि थांबायचा काळ नऊ दिवसांवर जातो. त्यांचा हात तेवढाच चालतोय, एक मिनिटही वाया गेलेलं नाही, तरीही ओरडा वाढतो.

एखादीचा ब्लाऊज मध्ये घुसवून शुक्रवारी दिला तर? तिचं काम झालं, पण दोरीवरच्या बाकी सगळ्या पिशव्या एकेक जागा मागे सरकल्या. अर्जंट काम वेळ निर्माण करत नाही, दुसऱ्या कुणाच्या खात्यातून तो काढून घेतं. हे अक्कांना कळत नाही असं मुळीच नाही. तोंडावर नाही म्हणणं जड जातं, गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. म्हणून भिंतीवर एक पाटी लावून रोज सकाळी एकच आकडा बदलावा: 'आज दिलेला ब्लाऊज या तारखेला मिळेल.' तोंडाने नकार द्यावा लागत नाही, पाटी देते. आणि घाई असणारीला दुसरीकडे जायचं असेल तर ते तिला आजच कळतं, शुक्रवारी रात्री नाही.

अक्कांच्या मशीनवर अजून एक गोष्ट बघण्यासारखी असते. त्या पिशव्या आल्या त्या क्रमाने शिवत नाहीत. लाल रंगाचे चार एकदम, मग हिरवे, मग निळे. कारण प्रत्येक रंग बदलताना रीळ बदला, बॉबिन भरा, दोरा ओवा, ताण बघा, चिंधीवर एक टीप मारून बघा. पाच मिनिटं तरी जातात. बेतणं सकाळच्या उजेडात, एकदम सहांचं. काजं आणि हूक संध्याकाळी, गप्पा मारता मारता. कुणी शिकवलं नाही, हाताला कळलेलं शहाणपण आहे ते.

डोक्यालाही असाच दोरा बदलावा लागतो. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम उणं होतं. फोनवर प्रत्येक संदेशाला तिथल्या तिथे उत्तर देणारा माणूस दिवसभर बॉबिन बदलत बसलेला असतो. फोन, संदेश, बिलं, एकाच भागातली बाहेरची कामं, सगळी आपापल्या गठ्ठ्यात करावीत. नवी पेठेत जायचंच आहे तर मधला मारुतीकडची कामंही त्याच फेरीत.

लिटलचा नियम घरातल्या 'करायचं राहिलंय' यादीलाही लावून बघा. नळाची गळती, विम्याची कागदपत्रं, कपाट आवरणं, फोटो छापून आणणं, अशी ४० कामं साचलीत आणि आठवड्याला त्यातली २ होतात. म्हणजे आज यादीत लिहिलेलं काम वीस आठवड्यांनी होणार, साडेचार महिने! यावर इलाज दोनच. वेग वाढवा, नाहीतर यादी कापा. वेग फारसा वाढत नाही. म्हणून ४० पैकी जी कामं केली नाहीत तरी कुणाचं काही अडणार नाही, ती सरळ खोडून टाका. खोडणं हासुद्धा निर्णय आहे आणि तो घेतला की मन हलकं होतं.

डोक्यात घोळणारी कामं

काम करायला लागणारा वेळ वेगळा आणि ते काम डोक्यात घोळत राहतं तो वेळ वेगळा. दुसरा कुणी मोजत नाही. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या प्रयोगांवरून लिहिलं होतं, की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामं माणसाच्या जास्त लक्षात राहतात. हा परिणाम पुढच्या सगळ्या प्रयोगांत सारखाच दिसला नाही, तेव्हा त्याचा फार मोठा सिद्धांत करू नये. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांना आढळलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. राहिलेलं काम मध्ये मध्ये आठवून त्रास देत असेल, तर ते पूर्णच करायला हवं असं नाही. कधी आणि कसं करणार ते नेमकं ठरवलं तरी तो त्रास बराच कमी होतो.

'नेमकं' या शब्दावर सगळी मदार आहे. 'आईची शुगर तपासायची आहे' ही नुसती इच्छा झाली. 'शनिवारी सकाळी उठल्यावर चहाआधी आईला स्कूटरवर घेऊन कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जायचं, आणि शुक्रवारी रात्रीच्या जेवणानंतर काही न खाण्याची तिला आठवण करायची' हा बेत झाला. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा 'अमुक झालं की तमुक करेन' प्रकारच्या बेतांचा अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि नुसत्या निश्चयापेक्षा असा बेत करणाऱ्यांची कामं खूप जास्त पार पडतात असं दिसलं. कारण मग आठवण ठेवायची जबाबदारी प्रसंगावर पडते. घड्याळाची वेळही चालते, पण रोज ठरलेला प्रसंग जास्त पक्का. 'दूध तापवायला ठेवलं की गोळी', 'डबा धुवायला टाकला की उद्याची यादी', 'गाडीला किल्ली लावली की वडिलांना फोन', हे टिकतं, कारण दूध, डबा आणि किल्ली चुकत नाहीत. फोन मात्र गाडी हलायच्या आधी संपवावा.

उन्हाळ्याबद्दल दोन ओळी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बारा ते चार डोकंही तापतं आणि रस्ताही. त्यात जेवणानंतर शरीराच्या घड्याळाची नैसर्गिक सुस्ती असते. बारकाईची आणि बाहेरची कामं दुपारच्या आधी उरका, दुपारी धान्य निवडणं, घड्या घालणं, कागद लावणं. वर्षभर एकच वेळापत्रक राबवण्याचा हट्ट आपल्या हवेला मानवत नाही.

वेळ नेमका कुणाचा

आता जे लिहिणार आहे ते वेळेच्या नियोजनावरच्या सल्ल्यांत सहसा येत नाही आणि ते आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. वर सांगितलेलं सगळं गणित, आपला वेळ आपल्या हातात आहे असं धरून चालतं. तो सगळ्यांच्या हातात सारखा नसतो.

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी, आपली जुनी मिल, सुरू झाली. मग आणखी गिरण्या आल्या आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा दिवस भोंग्याने ठरवला. पाळी ठरलेली, पाळी संपली की माणूस मोकळा. आज यंत्रमागावर जाणाऱ्याला पाळी आहे. पण घरी विड्या वळणाऱ्या बाईला कसली पाळी? पानं भिजवायची, कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. मध्येच स्वयंपाक, पोरं, पाणी, सासूचं औषध. तिचा दिवस पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांचा असतो आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेने कापलेला असतो. तिला 'दोन तास सलग एकाग्र व्हा' असं सांगणं निर्दयपणाचं आहे.

हे एका शहरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात दिसतं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर विरुद्ध दीड तासाच्या आत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ. जो दिवस आधीच ९५ टक्के भरलेला आहे तिथे कुठलीही डायरी चालत नाही. तिथे भारच कमी व्हावा लागतो, आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाने उचलल्याशिवाय होत नाही.

म्हणून घरात वेळ पुरत नाही अशी तक्रार असेल, तर एका रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून घरातली कामं लिहून काढावीत. भाकरी, भांडी, धुणं ही दिसणारी कामं झालीच. पण पाणी कधी येणार ते विचारून ठेवणं, गॅस संपत आला का बघणं, लसीची तारीख, फीची तारीख, आत्याच्या मुलीच्या लग्नाचा आहेर, हेही लिहावं. प्रत्येक कामापुढे दोन रकाने करावेत, 'करतं कोण' आणि 'लक्षात ठेवतं कोण'. काम वाटून घेताना दोन्ही रकाने एकाच नावावर द्यावेत. 'तू सांग, मी करतो' असं म्हणणाऱ्याने फक्त पहिला रकाना उचललेला असतो. गॅस ज्याच्याकडे, त्याने नोंदवायचाही आणि संपत आलाय हे ओळखायचंही. पहिले दोन महिने चुका होतील, एखाद्या वेळी सिलिंडर ऐन स्वयंपाकात संपेल. तेव्हा ते काम परत आपल्याकडे ओढून घेऊ नये, शेजारून एक दिवसापुरती शेगडी आणून भागवावं.